हायवे सोडा, पांदण धरा!

भरतीची तयारी करणारी आपली पोरं-पोरी पहाटेच्या अंधारात हायवेवर धावतात. डोंगर-दऱ्यांच्या जिल्ह्यात राहून आपल्याला धावायला डांबरच का लागतं?

पहाटेचे सव्वापाच. नागपूर-तुळजापूर हायवेच्या कडेला मी स्वेटर घालून उभी. एका हातात दादाचं जॅकेट, दुसऱ्या हातात मोबाईल आणि त्यावर स्टॉपवॉच सुरू. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. वय चोवीस, पोलीस भरतीचा तिसरा प्रयत्न. महागाव तालुक्यातल्या आमच्या गावापासून हायवे जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे. त्यामुळे ग्राउंड म्हटलं की हायवेच.

हायवेच्या कडेला दर दोनशे मीटरवर एक छोटा दगड असतो, तुम्ही पाहिला असेल. आठ दगड म्हणजे बरोबर सोळाशे मीटर. चार दगड जायचं, चार दगड यायचं. ही आयडिया माझी होती. मीच त्याला म्हटलं होतं, “गावात गोल-गोल फिरण्यापेक्षा रोडवर चल ना, अंतर तरी पक्कं कळेल.”

त्या दिवशी दादा परत येत होता. कुणीतरी डाव्या बाजूने ओव्हरटेक करायला गेलं आणि एक पिकअप पांढऱ्या पट्टीच्या बाहेर आली. मला दिसलं काहीच नाही. ब्रेकचा आवाज तेवढा ऐकू आला. मी धावत पोहोचले तेव्हा दादा कडेच्या नालीत बसलेला. गाडीचा आरसा खांद्याला लागला होता. कोपर सोललेलं, गुडघ्यातून रक्त, आणि पहिला प्रश्न काय? “टायमिंग किती झालं?”

मी मोबाईल बघितला. स्टॉपवॉच बंद करायचं राहूनच गेलं होतं. नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

हाड वाचलं. दीड महिना पळणं बंद झालं, एवढ्यावर निभावलं. पण माझ्या डोक्यातून ते नऊ-चाळीस जात नाही. आपण वाचलो ते नशिबाने वाचलो, हे मला माहीत आहे. कारण सगळेच वाचत नाहीत. १९ जानेवारी २०२५ च्या पहाटे बीडजवळ घोडका राजुरी इथे भरतीसाठी धावणाऱ्या तीन तरुणांना एसटी बसने चिरडलं. त्याच वर्षी ७ ऑगस्टला गडचिरोली जिल्ह्यात काटली गावाजवळ पहाटे व्यायामाला गेलेल्या मुलांवर ट्रक गेला आणि चार मुलं गेली. त्यातली काही तर शाळेत शिकणारी होती. दोन्ही बातम्या मी वाचल्या होत्या. वाचून हळहळले होते. आणि तरीही काही महिन्यांनी स्वतःच्या भावाला हायवेवर घेऊन गेले. म्हणून हा लेख आधी स्वतःला आणि मग तुम्हाला.

डांबराचा मोह

आपल्याकडे कुणी ‘फिटनेस’साठी धावत नाही असं नाही. यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर, समता मैदानावर सकाळी ट्रॅकसूटवाले काका-काकू दिसतात. पण जिल्ह्यात सगळ्यात जास्त किलोमीटर जमा होतात ते भरतीच्या पोरांचे. त्याचं कारण साधं आहे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटरचे आणि मुलींना ८०० मीटरचे. अग्निवीरला १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं तर थेट ६० गुण. वनरक्षकाला मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३ किलोमीटर. ज्या घरात कापसाचा भाव पाहून लग्नाची तारीख ठरते, त्या घरात ही धाव म्हणजे हौस नसते. तो घरात येणारा पहिला पगार असतो.

साडेपाच मिनिटांत सोळाशे म्हणजे एका किलोमीटरला ३ मिनिटं २६ सेकंद. हा वेग गंमत नाही. त्यासाठी अंतर अचूक लागतं, रस्ता सपाट लागतो, रोजची सवय लागते. गावात काय असतं? शाळेचं मैदान, ज्याच्या एका कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि दुसऱ्या कोपऱ्यात कुणाच्या तरी तुरीच्या पेंढ्या. तालुक्याच्या क्रीडांगणावर कधी गवत, कधी मेळावा, कधी मंडप. मग पोरं काय करणार? जिथे अंतर मोजलेलं आहे, उजेड आहे आणि पायाखाली खड्डा नाही, तिथे जाणार. ती जागा म्हणजे हायवे.

नागपूर-हैदराबाद मार्गावर वडकी, करंजी, पांढरकवड्याकडे जा, किंवा आमच्या नागपूर-तुळजापूर मार्गावर आर्णी, महागाव, उमरखेडकडे. पहाटे पोट्टे धावताना दिसतीलच. वणीकडे तर कोळशाचे ट्रक आणि त्यांची धूळ. तिथे धावणं म्हणजे फुप्फुसं मजबूत करायला जाऊन काळी करून येणं.

“काऊन बे, मरायले येता का रोडवर?” असं ट्रकवाले ओरडतात. पोरं हसतात. पुढचा दगड गाठतात.

आपल्याकडे आहे काय?

आता जरा नकाशा डोळ्यासमोर आणा. अजिंठ्याच्या डोंगररांगा पूर्वेकडे येत येत आपल्या जिल्ह्यात पसरतात. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, पठारावर बसलेलं. दक्षिणेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा. मधे पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले. पुसद तर चारही बाजूंनी डोंगर असलेल्या वाटीत वसलंय. वाशीमकडे निघालात तर खंडाळ्याचा घाट चढावाच लागतो. उमरखेडच्या पलीकडे पैनगंगा अभयारण्यातला ‘बंदी भाग’, पुढे सहस्रकुंडचा धबधबा. यवतमाळकरांना पाणी पाजणारे निळोणा आणि चापडोह हे तलावही टेकड्यांच्याच कुशीत आहेत.

आणि या सगळ्यातून वाटा जातात. गावातून शेतात जाणारी पांदण. धरणाच्या कालव्याच्या काठाने जाणारा कच्चा रस्ता. टेकडीवरच्या तांड्याकडे चढणारी मुरमाची वाट. झरी-मारेगावकडे कोलामांच्या पोडावर जाणारी पाऊलवाट. या वाटांवर कुणी नसतं असं समजू नका. पोडावरची, तांड्यावरची लेकरं याच वाटांनी शाळेत जातात, बाया याच वाटांनी निंदायला जातात. आपण ज्याला ‘रनिंग रूट’ म्हणू, तो त्यांचा रोजचा आणि बरेचदा एकुलता एक रस्ता असतो. म्हणून मी कुठेही ‘अनएक्सप्लोर्ड ट्रेल’ वगैरे म्हणणार नाही. या वाटा शोधलेल्याच आहेत. आपण फक्त त्यांच्याकडे पाठ करून डांबराकडे तोंड केलंय.

चढण काय देते?

“पण मॅडम, भरती ट्रॅकवर असते. टेकडीवर धावून काय फायदा?” एका अकॅडमीतल्या पोराने मला हा प्रश्न विचारला. प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर नीट देते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. केनियाचे धावपटू इटेनला सराव करतात, ते गाव सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेचा फायदा आपल्या साडेचारशे मीटरवर मिळणार नाही. ‘आपणही डोंगरात राहतो’ म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. पण इटेनची दुसरी गोष्ट आपल्याकडे भरपूर आहे, ती म्हणजे चढ-उताराचे मातीचे रस्ते. जगातले सगळ्यात वेगवान पाय आठवड्यातले बरेचसे किलोमीटर त्या लाल मातीवर काढतात.

चढणीवर पाऊल आपोआप छोटं पडतं. जमिनीचा दणका कमी बसतो, पण मांडी, पोटरी आणि दमाला काम दुप्पट लागतं. सपाटीवर जो जोर लावायला पूर्ण वेगात पळावं लागतं, तो चढावर कमी वेगात लागतो. भरतीच्या पोरांना विचारा, निम्म्यांची तक्रार एकच असते, ‘नडगी दुखते’. रोज उठून काँक्रीटवर फुल स्पीडने सोळाशे मारलं, तेही झिजलेल्या बुटात, तर नडगी दुखणार नाही तर काय होणार? आठवड्यातले चार दिवस मातीवर हळू पळा, एक दिवस साठ-सत्तर मीटरच्या चढावर आठ वेळा जोरात चढा आणि चालत उतरा, एक दिवस मोजलेल्या अंतरावर टायमिंग लावा. सातवा दिवस झोपा. यात नवीन काही नाही, कुठलाही जाणता कोच हेच सांगेल.

आणि पुरावा हवा असेल तर अविनाश साबळेकडे बघा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. शाळा सहा किलोमीटर लांब, जाणं-येणं पायी. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. स्पर्धेच्या धावण्याला खरी सुरुवात झाली ती २०१५ मध्ये, आणि तीही सैन्यातल्या क्रॉस कंट्री शर्यतीने, म्हणजे शेता-माळावरच्या उंचसखल धावेने. त्याच पायांनी जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत मारली. ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातली, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये याच प्रकाराच्या फायनलला पोहोचली. कविता राऊतला अख्खा महाराष्ट्र ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणतो, ते नाशिकच्या डोंगरातल्या तिच्या पाड्यावरून. तिघांच्याही गावात सुरुवातीला सिंथेटिक ट्रॅक नव्हता. पायाखाली माती होती.

बत्तीस वेळा टेप

दादा घरी पडून होता तेव्हा आबाजी एक दिवस माझ्यावरच घसरले. “कामून नेलं वं पोट्ट्याले रोडवर? आपली पांदण काय मेली का?”

पांदण मेली नव्हती. बाभळींच्या मधून गेलेली, दोन्ही बाजूंनी कापूस आणि तूर, शेवटी मुरमाची टेकडी. अडचण एकच होती, अंतर. हायवेवर दगड होते, इथे काहीच नव्हतं. मोबाईलच्या जीपीएसवर एकदा १.५८ यायचं, एकदा १.६५. भरतीच्या पोराला हा फरक म्हणजे पास-नापास.

मग आम्ही एका ठेकेदाराकडून ५० मीटरचा टेप मागून आणला. चार वेळा टाकला की दोनशे मीटर, बत्तीस वेळा टाकला की सोळाशे. दोघांना दीड तास लागला. हायवेसारखेच आठ दगड पांढरे रंगवून रोवायचे, असा प्लॅन होता.

दुसरा दगड रोवत होतो तेवढ्यात शेजारच्या शेतातले काका कुऱ्हाड हातात घेऊनच आले. “कायची मोजणी चालली? कोणी पाठवलं?” त्यांना वाटलं, शक्तिपीठ महामार्गाची मोजणी इकडे वळली. आमच्या भागात कुणी टेप आणि दगड घेऊन दिसलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, हे मला पत्रकारिता शिकताना कळायला हवं होतं. दादाने भरतीचं सांगितलं. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “दगड नको रोवू बाप्पा. बंडी वळवताना चाकाखाली येते. बाभळीले चुना लाव.”

म्हणून आमच्या पांदणीवर दगड नाहीत. आठ ठिकाणी चुन्याचे पट्टे आहेत, काही बाभळीला, एक विजेच्या खांबाला, एक विहिरीच्या कठड्याला. खर्च म्हणाल तर एका चुन्याच्या पुडीचा. पहिल्या आठवड्यात दादाचं टायमिंग हायवेपेक्षा वीस सेकंदांनी घसरलं आणि त्याने तोंड पाडलं. माती वेग खाते, हे खरंच आहे. पण त्याची नडगी दुखायची थांबली आणि काकू पहाटे उठून दारात उभी राहायची थांबली. मला दुसरं जास्त मोठं वाटतं.

वाघ, चिखल आणि लोकांच्या नजरा

आता तुम्ही म्हणाल, हे लिहायला सोपं आहे. नाही, सोपं नाही. पांदणीचे धोकेही सांगते.

पहिला अर्थातच वाघ. आपल्या जिल्ह्यात ही गंमत नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात टी-वन वाघिणीच्या दहशतीत लोकांनी किती काळ काढला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ती कशी मारली गेली, ते सगळ्यांना आठवतं. टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं आहे, पण वाघांना ही हद्द ठाऊक नसते. आपल्या जिल्ह्याचा खरा अल्ट्रा रनर तर टिपेश्वरचाच, ‘वॉकर’. रेडिओ कॉलर लावलेला हा वाघ २०१९ मध्ये तिथून निघाला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत तीन हजारांहून जास्त किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. तो शेताशेतातूनच गेला, हे विसरू नका. म्हणून जंगलाला लागून असलेल्या गावांत माझा हा सल्ला जसाच्या तसा लागू करू नका. अभयारण्यात पायी धावायला जाणं तर नाहीच. तिथे गावालगतचं मोकळं शेत, कालव्याचा काठ नाहीतर शाळेचं मैदान हेच खरं, आणि तेही उजाडल्यावर, घोळक्याने. पावलांचा माग दिसला तर रील बनवत बसू नका, बीटच्या वनरक्षकाला कळवा.

दुसरा धोका माणसाने केलेला. रानडुकरांसाठी काही जण कुंपणाला करंट सोडतात. बेकायदा आहे, तरी सोडतात. म्हणून अंधारात पांदणीवर जायचंच नाही आणि वाट सोडून कुणाच्या धुऱ्यावर चढायचं नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीचे दिवस. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने आपल्याच जिल्ह्यात किती शेतकरी-शेतमजूर गेले, हे आपण पाहिलंय. पंप पाठीवर घेतलेला माणूस दिसला तर तोंड फिरवून परत या. खोल श्वास घेत त्या शेताजवळून धावू नका.

तिसरा चिखल. काळ्या मातीत पावसाळ्यात चार पावलं टाकली की प्रत्येक बुटाला किलो-किलोभर गोळा. तेव्हा मुरमाची टेकडी शोधायची. मुरूम पाणी धरून ठेवत नाही, पाऊस थांबला की तासाभरात पळण्यासारखा होतो. आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसकडे सरकला की सात वाजता घरात असलंच पाहिजे.

चौथी अडचण मुलींची, आणि ती सगळ्यात अवघड. मी स्वतः तीन किलोमीटर पळते. हायवेवर गाड्यांचे हॉर्न आणि शेरे असतात. पांदणीवर दुसरंच. एकदा एक मोटारसायकल बराच वेळ मागे हळूहळू येत राहिली, तेव्हा माझे पाय जितके वेगात पळाले तितके नंतर कधी पळाले नाहीत. त्यानंतर मी एकटी गेले नाही. आता आम्ही चौघी जातो आणि बाया शेतावर निघतात त्या वेळेला जातो. पांदणीवरच्या बाया सगळ्या ओळखीच्या. त्याचा तोटा असा की मी थांबून चॉकलेट खाल्लं तरी माझ्या आधी ती बातमी घरी पोहोचते. फायदा असा की मी दहा मिनिटं उशिरा आले तरी कुणीतरी शोधायला निघतं. हायवेवर मला कुणी ओळखत नाही. ‘मुलींनी पळूच नये’ हा उपाय नाही. चार जणी मिळून पळणं, घरी वाट सांगून जाणं आणि गावाला त्या दृश्याची सवय होऊ देणं, एवढंच आमच्या हातात होतं आणि तेवढं आम्ही केलं.

मागणी मोठी नाही

मला माहितीये, असा लेख आला की शेवटी ‘शासनाने लक्ष द्यावे’ असं वाक्य येतं. मी ते थोडं नेमकं करून लिहिते.

मोठं स्टेडियम मागत नाही. हिल मॅरेथॉनही आधी नको. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरचा घाट चढणारी हिल हाफ मॅरेथॉन होते आणि देशभरातले लोक तिथे येतात. आपल्या पुसदला, यवतमाळलाही असं काही झालं तर मी पहिली नाव नोंदवीन. पण वर्षातून एक रविवार टी-शर्ट, डीजे आणि मेडल आणि उरलेले ३६४ दिवस हायवे, असं व्हायला नको.

पांदण रस्त्यांसाठी राज्यात २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू झाली. मुरूम-खडी टाकून शेतरस्ते पक्के करायचे, हा तिचा हेतू. ज्या ग्रामपंचायतीत असा रस्ता होतोय, तिथे ग्रामसेवकांनी आणि सरपंचांनी एवढंच करावं, त्यातले सोळाशे मीटर मोजून आठ खुणा कराव्यात. मुलींना ८०० साठी त्यातल्याच चार पुरतात. शेतकऱ्यांचं नुकसान काहीच नाही, उलट फायदा आहे. पांदणीवरची अतिक्रमणं कशी वाढतात ते गावात सगळ्यांना माहीत असतं. वापर थांबला की काटे येतात आणि काट्यांमागून धुरा सरकतो. जिथे रोज वीस पोरं धावतात, ती वाट कुणी सहज गिळत नाही.

आणि दुसरी मागणी आपल्या कॉलेजांकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे. दरवर्षी रासेयोचं सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात होतं. आपण काय करतो? ग्रामस्वच्छता, पथनाट्य, शोषखड्डा, शेवटच्या दिवशी सांस्कृतिक कार्यक्रम आणि ग्रुप फोटो. ते सगळं करा. त्यातली एक सकाळ या कामाला द्या. गावातल्या भरतीच्या पोरा-पोरींना सोबत घ्या, पांदणीच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना आधी विचारा, मगच टेप काढा. आमच्यासारखी कुऱ्हाड बघायची वेळ येणार नाही. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीसाठी कॉलेजची टीम काढायची असेल तर सराव कुठे करायचा, हा प्रश्नही त्यातच सुटेल.

अकॅडमी चालवणाऱ्या सरांनाही एक विनंती. तुमच्याकडे पन्नास-साठ पोरं असतात आणि ती तुमचं ऐकतात. आईबापाचं ऐकत नाहीत इतकं ऐकतात. ‘उद्यापासून रोडवर नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडून आलं तर एका दिवसात फरक पडेल. ज्या दिवशी पक्का रस्ता लागणारच असेल, त्या दिवशी गावाचा आतला रस्ता घ्या, उजाडू द्या, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळवा.

दादाचं ग्राउंड अजून व्हायचं आहे. त्यामुळे ‘आणि मग त्याची निवड झाली’ असा शेवट माझ्याकडे नाही. होईल की नाही, तेही माहीत नाही. या आठवड्यात त्याचं पांदणीवरचं टायमिंग हायवेवरच्या टायमिंगच्या बरोबरीला आलं, एवढीच बातमी आहे. त्याच्यासोबत आता गावातली सहा पोरं असतात. त्यातलं सगळ्यात छोटं नववीत आहे. मी सुट्टीला घरी गेले की स्टॉपवॉच माझ्याच हातात देतात. विहिरीच्या कठड्यावरचा चुना पावसात धुऊन गेलाय, तो परत लावायचा आहे.

तुमच्या गावात पांदण आहे. ५० मीटरचा टेप कुणाकडे तरी असेलच, गवंड्याकडे, ठेकेदाराकडे, शाळेत. या रविवारी मागून आणा. बत्तीस वेळा टाकायचा आहे. दोघं असाल तर दीड तास लागतो.